सांध्याचा इतिहास : सदरमधील एका जुन्या बँड सॉची गोष्ट

#थ्रेड

१/ सदरमधील आमच्या घरामागील खोलीत गेले सहा महिने एक जुना बँड सॉ उभा आहे. भंगाराच्या दुकानातून तो वजनावर विकत घेतला. ओतीव लोखंडाची चौकट, ६० सेंटिमीटर व्यासाची दोन चाके आणि दारावर चार रिकामी छिद्रे. उत्पादकाच्या नावाची पट्टी तेथे असावी; ती कधीच निघून गेलेली. घरच्या सुतारकामासाठी हे यंत्र दुरुस्त करताना त्याचा इतिहासही शोधावा लागला. तो येथे मांडते.

२/ यंत्रे येण्यापूर्वी ओंडका दोन माणसे चिरत. एक वर उभा, दुसरा खाली, मध्ये लांब आरा. आरा एका दिशेने जाताना कापतो आणि परतताना रिकामा येतो. निम्मी हालचाल वाया. गोल करवतीने ही अडचण दूर केली, पण तिचे पाते जाड असल्याने बरेच लाकूड भुशात जाई. पातळ पात्याचे दोन्ही टोक जोडून त्याचा पट्टा केला आणि तो दोन चाकांवर फिरवला, तर काप अखंड होतो आणि भुसाही कमी पडतो. हीच बँड सॉची कल्पना.

३/ ही कल्पना इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच पेटंट केली. तरीही पुढे सुमारे चाळीस वर्षे ती कागदावरच राहिली. कारण होते सांधा. माझ्याच यंत्राचे गणित पाहा : पाते ४.२ मीटर, चाकाचे फेरे मिनिटाला ६००. म्हणजे पात्याचा प्रत्येक बिंदू मिनिटाला सुमारे २७० वेळा फिरून येतो आणि प्रत्येक फेरीत दोनदा वाकतो. एका मिनिटात पाचशेहून अधिक वाकणी! त्या काळातील पोलाद आणि जोड, दोन्ही हे सोसू शकत नव्हते.

४/ तोड काढली फ्रान्समधील ॲन पॉलिन क्रेपँ या स्त्रीने. पात्याची टोके टिकाऊपणे जोडण्याच्या पद्धतीसाठी तिने १८४६ मध्ये पेटंटचा अर्ज केला. लवकरच तिने ते हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीला विकले. पेरँ यांनी त्या पद्धतीला चांगल्या पोलादाची आणि पाणी देण्याच्या सुधारित तंत्राची जोड दिली आणि बँड सॉ खऱ्या अर्थाने कामाचा झाला. बाजारात नाव पेरँ यांचे झाले. क्रेपँ यांचे नाव पेटंटाच्या नोंदीत उरले.

५/ हे सारे नागपूरकरांशी कसे जोडले जाते? सागवानामुळे. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस यांच्या हाताखाली वन खाते उभे राहिले, १८६७ मध्ये नागपुरात रेल्वे आली. आलापल्ली आणि बल्लारशाहचे सागवान आजही देशभर जाते. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहूनच गेले. इतक्या मोलाच्या लाकडात कापाची जाडी फार महत्त्वाची. गोल करवतीचा काप ६ मिलिमीटर आणि बँड सॉचा २ मिलिमीटर धरला, तर दहा कापांत ४ सेंटिमीटर लाकूड वाचते. म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या एका फळीहून अधिक.

६/ पण काटकसरीचे हे यंत्र वेगवानही आहे आणि वेगाची किंमत जंगलाने मोजली. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या पूर्वपरवानगीवाचून वनक्षेत्रात चालणारी वनेतर कामे थांबवण्याचा आदेश दिला. त्यात आरा गिरण्यांचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणून मीही यंत्र घरी आणण्याआधी वन विभागाचे नियम विचारून घेतले. तुम्हीही घ्या.

७/ आता दुरुस्ती. चाकांवरील झिजलेले रबर बदलले, बेअरिंगमधील जुने घट्ट ग्रीस काढले, वरचे चाक खालच्या चाकाच्या रेषेत आणले. गंज घासताना मात्र हात थांबला. हिरव्या रंगाखाली राखाडी रंग होता आणि दाराच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेली मापे : ‘३ इंच २ सूत’, ‘१ इंच ६ सूत’. कोणा सुताराने काम करता करता टिपलेली. सगळे घासून चकचकीत केले असते, तर या यंत्रावर काम केलेल्या माणसाची एकमेव खूण मीच पुसली असती. तेवढा भाग तसाच ठेवला.

८/ शेवटी पाते. ते जोडायला ओळखीच्या एका कारागीर काकांकडे गेले. दोन्ही टोके तिरकी घासायची, एकावर एक बसवायची, टाकणखार लावायचा, चांदीच्या डाखाने जोडायचे, सावकाश थंड होऊ द्यायचे, मग जोड पात्याइतकाच पातळ होईपर्यंत कानशीने घासायचा. मी घातलेला पहिला सांधा दुसऱ्याच मिनिटाला तुटला. काका हसून म्हणाले, “पहिला सांधा सगळ्यायचाच तुटते, बेटा. घास अजून, घाई नको करू.” दुसरा सांधा टिकला आहे.

९/ दारावरील चार छिद्रे मी रिकामीच ठेवली आहेत. तेथे नवी पट्टी लावण्याचे मनात आले होते, पण नाव कोणाचे लिहावे? उत्पादकाचे, क्रेपँचे, की सुतात मोजणाऱ्या त्या सुताराचे? तुमच्या घरी किंवा मोहल्ल्यात असे जुने यंत्र असेल, तर रंग खरवडण्याआधी त्याची दारे उघडून आत पाहा. काही लिहिलेले आढळले, तर त्याचे छायाचित्र या धाग्याखाली अवश्य टाका.