राखणदाराच्या हद्दीत

होळी पेटून बराच वेळ झालाय. तुम्ही साळ गावात महादेवाच्या देवळापुढे उभे आहात. गोव्यातल्या डिचोली तालुक्याचं हे टोकाचं गाव, दोडामार्ग इथून जवळच. ढोल-ताशांचा ठेका कधीचा चालू आहे आणि उघड्या अंगाचे, धोतर नेसलेले गडे होळीभोवती फिरताहेत. वहीत दोन शब्द टिपायला तुम्ही मान खाली घालता, तेवढ्यात ठेका चढतो. वर बघता तर गडे डोंगराच्या दिशेनं सुटलेले.

शेजारचे आजोबा हात लांब करतात. "थंय बघा."

समोरच्या काळ्या उतारावर एक उजेड दिसतो, विझतो आणि भलतीकडेच पुन्हा दिसतो. ती देवचाराची, गाव राखणाऱ्या अदृश्याची मशाल, असं गाव मानतं. गडे त्या उजेडामागे जातात. काहींना देवचार लपवून ठेवतो आणि मग बाकीचे त्यांना शोधून उचलून आणतात, लाकडासारख्या ताठ अंगांनी, असं इथले लोक सांगतात. तीन रात्री हे चालतं.

आता डोंगर सोडा आणि माणसांकडे बघा. घाबरून कोणी पळालेलं नाही. तुमच्या पुढं उभी असलेली एक बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय, सोडतेय आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटतेय. देवाचं नाव घेत असेल असं तुम्हाला वाटतं. नीट ऐकलं की कळतं, ती परतणारे गडे मोजतेय. तिचा आकडा एकानं कमी भरतो. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

भयकथेसाठी जागा शोधत आला असाल, तर एवढं एक दृश्य पुरेसं आहे. ओसाड बंगला, किंचाळी, पांढरी साडी यांची गरज पडत नाही. पेडणे आणि डिचोलीतल्या अदृश्याला इथल्या व्यवहारात जागा आहे. तो गावाची सीमा राखतो, रोट घेतो, नारळ घेतो, दिलेला शब्द लक्षात ठेवतो. त्याला राखणदार म्हणतात. रात्रीच्या फेऱ्यांनी वाहाणा झिजतात म्हणून अशाच एका राखणदाराला, वेताळाला, चामड्याच्या नव्या वाहाणा वाहतात. पेडण्याच्या सीमेपलीकडे वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबापुढे त्या तुम्ही डोळ्यांनी पाहू शकता. झिजलेला तळवा हा मला कुठल्याही सांगाड्यापेक्षा मोठा पुरावा वाटतो.

हे सगळं इथेच इतकं दाट का राहिलं, यालाही कारण आहे. तिसवाडी, बारदेश, साष्टीतली देवळं सोळाव्या शतकात पाडली गेली. डिचोली आणि पेडणे मात्र पोर्तुगिजांच्या कायमच्या ताब्यात आले ते 1781 ते 1788 या काळात. तोवर त्यांच्या धर्मसत्तेचा जोर ओसरत चालला होता. या उशिरा जिंकलेल्या मुलखातले, म्हणजे नव्या काबिजादीतले देव, देवचार आणि त्यांचे मानकरी जागच्या जागी राहिले.

आता मागे चला. 1746, मे महिन्याचे पहिले दिवस. तुम्ही शापोरा नदीकाठी हळर्णच्या किल्ल्यात आहात. जांभ्याचा तट दिवसभर तापलेला, रात्रीही हात ठेववत नाही. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. कोणीतरी सीमेवरच्या झाडाखाली नारळ ठेवून आलंय. 5 मे रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मैदा याचं सैन्य तट ओलांडतं. सीमेवर कोण बसलंय, हे सैनिक विचारत नाहीत. विचारतील तरी कोणाला?

या विजयाबद्दल राजा त्याला नवी पदवी देतो: मार्केस द आलोर्ना. हळर्ण या पेडण्यातल्या गावाचं नाव जहाजात बसून लिस्बनला जातं.

त्या नावाच्या मागोमाग तुम्हीही जा. पहिला मार्केस 1756 मध्ये वारतो. दोन वर्षांनी राजावर गोळ्या झाडल्या जातात, संशय ताव्हुरा घराण्यावर येतो आणि 1759 मध्ये त्या घरातल्या माणसांना जाहीरपणे ठार केलं जातं. आलोर्नाची सून याच घराण्यातली. मुलगा तुरुंगात जातो; सून आणि नाती शेलसच्या मठात कोंडल्या जातात. थोरली नात लिओनोर तेव्हा आठ वर्षांची आहे. ती बाहेर येते 1777 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. पुढं ती पोर्तुगालची नावाजलेली कवयित्री होते आणि इतिहास तिला मार्केझा द आलोर्ना म्हणूनच ओळखतो.

राजकारणानं जे व्हायचं ते झालं. इतिहासाला त्यात देवचार लागत नाही. पण कथा लिहिणाऱ्यानं मठातल्या त्या आठ वर्षांच्या मुलीच्या खिडकीशी थोडं थांबावं. कधीही न पाहिलेल्या गावाचं नाव तिच्या कपाळी आहे. आणि रात्री खिडकीखाली कोणीतरी झिजलेल्या वाहाणांनी फेऱ्या घालतंय, आपल्या हद्दीतून गेलेलं नाव परत न्यायला. ही कथा मराठीत कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. ती लिहिली जावी, असं मला मनापासून वाटतं.

आणखी मागे. सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध, मांडवीचं काळं पाणी, दिव्याशिवाय चाललेली होडी. दिवाडी बेटावरचं देऊळ मोडलंय. सप्तकोटेश्वराचं लिंग विहिरीला लावलं होतं, ते लोकांनी काढून आणलं, असं परंपरा सांगते. तुमच्या पायाशी घोंगडीखाली तो दगड आहे. वल्ह्याचा आवाज होऊ नये म्हणून सगळे श्वास रोखून आहेत. पलीकडे डिचोलीतलं नार्वे. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार पुढं शिवाजी महाराजांनी केला. दारावरचा शिलालेख 1668 सालचा आहे.

डिचोली गावातल्या नमाजगाहलाही जाऊन या. छप्पर नसलेली भिंत आणि दोन मनोरे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला आणि पुढं डिचोलीत राहिला. ही वास्तू त्याच्याच काळाशी जोडली जाते. भिंत पश्चिमेला आहे. 1687 मध्ये तो त्याच दिशेनं इराणला निघून गेला आणि परत आला नाही. संध्याकाळी तिथं एकटं उभं राहिलं की पाठ उघडी पडल्यासारखी वाटते.

जागेतून कथा कशी उगवते याचं उदाहरण तेरेखोल नदीच्या पलीकडेच आहे. चिं. त्र्यं. खानोलकर जन्मले वेंगुर्ले तालुक्यात, 1930 मध्ये. 'कोंडुरा' या त्यांच्या कादंबरीला त्याच किनाऱ्यावरच्या एका खऱ्या जागेचं नाव आहे. तिच्यावर श्याम बेनेगल यांनी 1978 मध्ये चित्रपट केला. खानोलकरांना भीती शोधत फिरावं लागलं नाही. ती त्यांच्या शेजारी राहत होती.

शेवटी पेडण्यात या, कोजागिरीच्या रात्री. इथं साल विचारू नका. भगवतीच्या देवळाजवळ देवांची तरंगं नाचताहेत, गाऱ्हाण्यामागून "व्हय म्हाराजा" असा गजर उठतोय. भूतबाधा झालीय असं ज्यांना वाटतं, त्यांना नातलग हाताला धरून घेऊन आलेत. भूतनाथाला एका रात्रीत बांधलेलं देऊळ हवं होतं आणि ते झालं नाही, अशी इथली कथा. म्हणून या रात्री तो रुसून रानाकडे धाव घेतो. लोक मागे धावतात, उद्या बांधतो म्हणून विनवतात, आणि तो परततो. पुढच्या कोजागिरीला पुन्हा तेच. एवढी माणसं एका देवाला दरवर्षी तोच शब्द देतात आणि तो दरवर्षी त्यावर विश्वास ठेवतो. मी या जागी दरवेळी हादरतो.

तुम्हीही जाऊन या. होळीला साळ, कोजागिरीला पेडणे. मोबाइलचा दिवा खिशात ठेवा, गड्यांच्या तोंडावर कॅमेरा धरू नका आणि सीमेवरच्या झाडाखाली एक नारळ ठेवून, कशासाठी आलात ते सांगूनच गावात शिरा.