नव्या वनस्पतीचे बारसे होते कसे?

विशेष प्रतिनिधी

‘सह्याद्रीत नवी वनस्पती आढळली’ अशी बातमी अधूनमधून वाचनात येते. माणसांचा एवढा राबता असलेल्या डोंगरांत अजून नवे काही शिल्लक राहते कसे आणि एखादे फूल ‘नवे’ आहे हे ठरवते कोण, असे प्रश्न त्यावेळी स्वाभाविकपणे पडतात.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फूल दिसणे आणि प्रजातीची नोंद होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्थानिक गुराख्याला ती वनस्पती पिढ्यानपिढ्या ठाऊक असू शकते. तथापि, तिचे शास्त्रोक्त वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत विज्ञानाच्या दप्तरी तिला स्थान नसते.

डोंगरावरचे कंदील

महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण म्हणजे कंदीलपुष्प, अर्थात सेरोपेजिया. लिनियसने १७५३ मध्ये या गटाचे नामकरण केले. या फुलाच्या नळीत शिरलेल्या लहान माश्या आतील खाली वळलेल्या केसांमुळे अडकून पडतात. केस कोमेजले की त्या सुटतात आणि परागपिंड दुसऱ्या फुलाकडे नेतात. सह्याद्रीतील अनेक कंदीलपुष्पे वर्षाचा बराच काळ जमिनीखाली कंदरूपाने राहतात आणि पावसाळ्यात काही आठवडेच फुलतात. फूल नसताना हे रोप गवतात ओळखू येत नाही. त्यातच काही प्रजाती एखाददुसऱ्या डोंगरापुरत्याच मर्यादित असतात. नव्या प्रजाती नजरेतून निसटण्याचे हे प्रमुख कारण होय.

नाशिकजवळच्या अंजनेरीवरील ‘सेरोपेजिया अंजनेरिका’चे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील विशाळगडावर आढळलेल्या आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिलेल्या ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ची घोषणा २०२४ मध्ये झाली. या दोन्ही संशोधनांत शिवाजी विद्यापीठाचे ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव यांचा सहभाग होता.

नावापर्यंतचा प्रवास

पहिली पायरी म्हणजे फुलोऱ्यातील नमुना गोळा करणे. तो दाबून, वाळवून कागदावर चिकटवला जातो आणि त्यासोबत ठिकाण, दिनांक व संग्राहकाचे नाव नोंदवले जाते. त्यानंतर जुने ग्रंथ आणि हर्बेरियममधील नमुने यांच्याशी त्याची तुलना होते. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम येथे असे संग्रह आहेत. फुलांच्या भागांची मोजमापे, चित्रे आणि अलीकडे डीएनएचा पुरावाही विचारात घेतला जातो.

फरक निश्चित झाल्यावर आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेचे नियम लागू होतात. नावासाठी आधारभूत ठरणारा एक नमुना, म्हणजेच ‘होलोटाइप’, निश्चित करून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे जाहीर करावे लागते. पूर्वी वर्णन लॅटिनमध्ये देणे बंधनकारक होते. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी यांपैकी कोणतीही भाषा चालते.

विलंबाची किंमत

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, केवळ १६ टक्के नव्या प्रजातींचे वर्णन पहिला नमुना गोळा झाल्यापासून पाच वर्षांच्या आत झाले. जवळपास एक चतुर्थांश वर्णने ५० वर्षांहून जुन्या नमुन्यांवर आधारित होती. म्हणजेच कित्येक ‘नव्या’ वनस्पती कपाटांत दशकानुदशके निनावी पडून होत्या. लंडनच्या क्यू उद्यानाने २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, सुमारे एक लाख वनस्पतींना अद्याप शास्त्रीय नाव नाही आणि नाव न मिळालेल्या दर चारपैकी तीन प्रजाती नष्ट होण्याच्या धोक्यात असाव्यात.

नाव मिळाल्याने काय साधते, हे अंजनेरीने दाखवून दिले. हा परिसर २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. पुढे २०२१ मध्ये अंजनेरीवर रस्ता नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा पर्यावरणप्रेमींनी विरोध करताना गिधाडांबरोबरच या कंदीलपुष्पाचाही दाखला दिला. ही वनस्पती निनावी असती, तर तिच्या बाजूने काय मांडणार, हा प्रश्नच होता. धोक्यातील प्रजातींच्या यादीतही निनावी वनस्पतीला सहसा स्थान मिळत नाही.

नाव म्हणजे संरक्षण नव्हे. परंतु त्याची सुरुवात मात्र तेथूनच होते. यात गिर्यारोहक आणि निसर्गप्रेमींनाही हातभार लावता येईल. अनोळखी फूल दिसल्यास ते उपटू नये. दिनांक व ठिकाणाच्या नोंदीसह त्याचे छायाचित्र घेऊन जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला द्यावे. दुर्मिळ वनस्पतीचे नेमके ठिकाण मात्र चारचौघांत जाहीर करू नये, कारण हौसेपोटी कंद खणून नेणाऱ्यांपासूनही तिला धोका असतो.