इंग्रजी भाषा-साहाय्यक, परदेशातील (अहिल्यानगर जिल्ह्यातील पदवीधरांसाठीचे पर्याय)

परदेशातल्या शाळेत इंग्रजीच्या मुख्य शिक्षकाच्या जोडीने वर्गावर जाऊन मुलांकडून बोलण्याचा सराव करून घेणारा, ठरावीक मुदतीसाठी नेमलेला तरुण पदवीधर म्हणजे भाषा-साहाय्यक. धडा पुरा करणे, परीक्षा घेणे, गुण देणे ही जबाबदारी मुख्य शिक्षकाची. साहाय्यकाकडे उच्चार, संभाषण आणि मुलांची भीड मोडण्याचे काम. मानधन राहण्याजेवण्यापुरते मिळते. त्यातून शिल्लक टाकण्याची आशा धरू नये. ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यातील देवाणघेवाणीतून रुजली. जपानचा ‘जेट’ कार्यक्रम १९८७ साली, तर दक्षिण कोरियाचा ‘एपिक’ १९९५ साली सुरू झाला.

अहमदनगर जिल्ह्याला (२०२४ पासून अहिल्यानगर) बाहेरून येणाऱ्या शिक्षकांचा अनुभव जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे नगरात १८३१ साली पडले. सिंथिया फरार (१७९५–१८६२) या अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७च्या अखेरीस मुंबईत उतरल्या, १८३९ पासून नगरात राहिल्या आणि तिथेच वारल्या. मिशनच्या दप्तरात स्त्रियांची गणना ‘साहाय्यक मिशनरी’ अशी होई. प्रत्यक्षात मुलींच्या शाळा फरारबाईच चालवीत. जोतीराव फुले यांनी या शाळा पाहिल्या होत्या आणि सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले, असे चरित्रकार नोंदवतात. शिकवणे मराठीतून असल्याने बाईंना आधी मराठी शिकावी लागली. पुढे अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर महाविद्यालय काढले.

उलट दिशेच्या प्रवासात, म्हणजे नगरहून परदेशी इंग्रजी शिकवायला जाताना, उमेदवाराच्या इंग्रजीआधी त्याचे पारपत्र पाहिले जाते. कोरियाचा ‘ई-२’ व्हिसा सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. चीनमध्येही इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांकडेच कल असतो. ब्रिटिश कौन्सिलमार्फत बाहेर पाठवले जाणारे साहाय्यक ब्रिटनमधले असतात. जपानच्या ‘जेट’ यादीत भारत आहे, पण निवड होणारे भारतीय अगदी थोडे. जपानी शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांकडे वळावे, तर व्हिसाच्या नियमानुसार निदान बारा वर्षांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेले असावे लागते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून वर आलेला, एम.ए. इंग्रजीत पहिला आलेला उमेदवारही इथे अडतो. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले खरे, पण ते विषय म्हणून. माध्यमाच्या हिशेबात ते धरले जात नाही. नियम कागदावर बिनचूक आहे, न्याय्य मात्र म्हणवत नाही.

त्यामुळे जगभर ज्यांना ‘पर्यायी’ म्हणतात तेच मार्ग इथल्या उमेदवाराचे मुख्य मार्ग ठरतात. त्यांतला सर्वांत सरळ मार्ग फ्रान्सचा. तिथल्या सरकारी शाळांतील साहाय्यकपदे भारतीय तरुणांना खुली आहेत. काम आठवड्याला बारा तास, मुदत साधारणतः ऑक्टोबर ते एप्रिल, मानधन कपातीपूर्वी महिन्याला हजार युरोंच्या आसपास. अट आहे ती फ्रेंचची: बी-१ च्या (युरोपीय मोजपट्टीवरील मध्यम पायरीच्या) आसपासची पातळी लागते आणि ती दोन-चार महिन्यांत येत नाही. पदवीच्या पहिल्याच वर्षी फ्रेंचचा वर्ग धरावा लागतो. नगरकरांसाठी तो बहुधा पुण्यात, आलियांस फ्रान्सेज किंवा विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. पॅरिसची स्वप्ने पाहणाऱ्याची नेमणूक आडगावच्या शाळेत होऊ शकते. पारनेर-पाथर्डीकडच्या मुलाला त्याचे फारसे अप्रूप वाटू नये.

दुसरा मार्ग कमी लोकांना ठाऊक आहे. भारत-कोरिया व्यापक आर्थिक भागीदारी करार (सेपा) १ जानेवारी २०१० रोजी अमलात आला. त्यात, वर सांगितलेल्या सात देशांच्या नियमाला अपवाद म्हणून, पदवी आणि इंग्रजी अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांना सरकारी शाळांत साहाय्यक शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. तरतूद असणे आणि जागा निघणे यांत अंतर आहे, तरी बी.एड. झालेल्याने ती माहीत असू द्यावी.

तिसरा मार्ग अमेरिकेचा, आणि तो थोडा तिरकस आहे. फुलब्राइटच्या ‘एफएलटीए’ योजनेत भारतातील तरुण इंग्रजी शिक्षक अर्ज करू शकतात. तिथे गेल्यावर मात्र अमेरिकी विद्यार्थ्यांना हिंदी, उर्दू अशी भारतीय भाषा शिकवायची असते. मुदत सुमारे नऊ महिने, सोबत विद्यापीठातले काही अभ्यासक्रमही घेता येतात. हिंदीवर प्रभुत्व असलेल्या मराठी शिक्षकाने ही योजना डावलू नये.

साहाय्यकपणाचा आग्रह सोडला तर आखातातील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आणि मालदीव इथे इंग्रजीचे पूर्णवेळ शिक्षक लागतात. तिथे माध्यमाची बारा वर्षे आडवी येत नाहीत, बी.एड. आणि अनुभव पाहिला जातो. थायलंडमध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून मान्यताप्राप्त चाचणीचे गुण मागतात. इंग्रजी अध्यापनाचे ‘सेल्टा’ किंवा १२० तासांचे प्रमाणपत्र जवळ असल्यास उपयोग होतो. त्याने पारपत्राची अट मात्र सुटत नाही, मग जाहिरात काहीही म्हणो.

कागदपत्रांना वेळ लागतो. राज्यातील विद्यापीठाच्या पदवीचे साक्षांकन मंत्रालयात होते, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का. अपोस्टील करार भारतात २००५ पासून लागू आहे आणि फ्रान्स, कोरिया, जपान हे देशही त्यात आहेत. पोलिस पडताळणीचा दाखला पारपत्र कार्यालयाकडून घ्यावा लागतो; नगर पुणे कार्यालयाच्या हद्दीत येते. सरकारी साहाय्यक योजनांना दलाल लागत नाही, अर्ज थेट करायचा असतो. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी हवी. ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी इतकी आहे. ‘आधी लाखभर भरा, मग शाळा मिळेल’ असे सांगणारा या चौकटीत बसत नाही.