पगाराचा धनी कोण? : वऱ्हाडातील परकीय मालक, स्थानिक नोकर आणि वेतनविषयक कायदे

प्रस्तावना

एका देशातील मालकाने दुसऱ्या देशात माणसे नोकरीस ठेवावीत, त्यांचा पगार वाटावा आणि तेथील कामगार कायदे पाळावेत, हा विषय व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात सामान्यतः जागतिकीकरणाचे अपत्य म्हणून शिकविला जातो. वऱ्हाडच्या इतिहासाच्या अभ्यासकास त्यात फारसे नावीन्य वाटण्याचे कारण नाही. या प्रांताचा आधुनिक इतिहासच मुळी एका थकलेल्या पगारातून सुरू झालेला आहे. नोकर येथला, मालक दूरचा आणि कायदा तिसऱ्याच ठिकाणाहून आलेला, अशी स्थिती येथे जवळजवळ शतकभर होती. अशा स्थितीत पगार थकला, दंड कापला गेला किंवा यंत्रात हात गेला तर नोकराने दाद कोणाकडे मागावी? प्रस्तुत लेखात या एका प्रश्नाच्या अनुरोधाने परतवाडा-अचलपूर परिसर व एकूण वऱ्हाड यांतील काही प्रसंग तपासले आहेत.

फौजेचा पगार आणि प्रांताचे तारण

आजचे परतवाडा हे मूळचे ‘एलिचपूर कॅम्प’, म्हणजे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी. या फौजेची रचना विलक्षण होती. ती नावाने निजामाची होती, तिचे अधिकारी इंग्रज होते, तिच्यावर हुकमत ब्रिटिश रेसिडेंटची चालत असे आणि तिचा खर्च निजामाच्या तिजोरीवर पडत असे. माणसे नेमणारा एक, त्यांच्याकडून काम घेणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसरा, असा हा प्रकार होता. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हैदराबादेतील विल्यम पामर आणि कंपनी ही सावकारी पेढी या पगारासाठी निजाम सरकारला कर्ज पुरवीत असे. म्हणजे प्रत्यक्ष रोकड आणखी चौथ्याच हातातून येत होती.

या व्यवस्थेचा शेवट जो व्हावयाचा तोच झाला. पगार थकत गेला, कंपनी सरकारने तो आपल्या तिजोरीतून भागविला आणि ते कर्ज निजामाच्या नावे चढत राहिले. दि. २१ मे १८५३ च्या तहान्वये, लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत, फौजेच्या खर्चाच्या तजविजीसाठी वऱ्हाडासह काही मुलूख कंपनीच्या कारभाराखाली देण्यात आला. १८६० च्या तहात निजामाचे सुमारे ५० लक्ष रुपयांचे कर्ज माफ झाले, धाराशिव व रायचूर दुआब परत गेले. वऱ्हाड मात्र राहिले. इतिहासाच्या पुस्तकांत या घटनेस राजकीय डावपेचांचे उदाहरण म्हणून स्थान मिळते आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्याकडे पगारपत्रकाच्या अंगानेही पाहिले पाहिजे. ‘शिपायाचा पगार देणे कोणावर बंधनकारक?’ या प्रश्नाचे उत्तर संदिग्ध राहिल्यामुळे एक संपूर्ण प्रांत गहाण पडला, अशी उदाहरणे जगाच्या इतिहासातही थोडीच असतील.

या तहांचा एक परिणाम पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, परंतु सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारात दरसाल २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने ब्रिटिशांना मिळाले. तेथेही निजामाचे हक्क पुन्हा मान्य करण्यात आले. साहजिकच ब्रिटिश हिंदुस्थानच्या विधिमंडळाने केलेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. परराष्ट्रातील अधिकारक्षेत्र या सदराखाली गव्हर्नर जनरलने अधिसूचना काढून तो ‘लागू’ करावा लागे. अमरावतीचा वकील ज्या कायद्यावर युक्तिवाद करी, तो तांत्रिकदृष्ट्या परदेशात लागू केलेला कायदा असे. हे त्रांगडे १९४१ च्या ‘बेरार लॉज ॲक्ट’पर्यंत पुरले.

कापूस आणि परदेशी पेढ्या

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडी कापसाला मागणी आली आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. पाठोपाठ परदेशी पेढ्या खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारांत उतरल्या. यांत मूळच्या खिओस बेटावरील ग्रीक कुटुंबाची रॅली ब्रदर्स आणि १८५१ साली स्वित्झर्लंडमधील विंटरथूर व मुंबई येथे एकाच वेळी स्थापन झालेली व्होल्कार्ट ब्रदर्स या विशेष उल्लेखनीय होत. (आज घरोघरी ठाऊक असलेल्या ‘व्होल्टास’ या नावाचा पूर्वार्ध याच व्होल्कार्टवरून आलेला आहे, टाटांबरोबर ती कंपनी १९५४ मध्ये निघाली.)

या पेढ्यांची नोकरवर्गाविषयीची पद्धत लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. युरोपीय एजंट आणि मोजके कारकून पेढीच्या पटावर असत. बाजाराशी होणारा बहुतेक व्यवहार दलालामार्फत चाले. मुंबईत तर ‘हमीदार दलाल’ ही संस्थाच रूढ होती. तो पगारावर नव्हे, दलालीवर काम करी आणि बुडीत व्यवहाराची जोखीम पत्करी. हमाल, मापारी, गाडीवान यांची सोय दलाल, अडत्या किंवा मुकादम पाही. परक्या मुलखात कायदा, भाषा आणि माणसे यांपैकी काहीच पुरतेपणी ठाऊक नसलेल्या व्यापाऱ्याला हा मार्ग सोयीचा होता यात शंका नाही. सोय मात्र एकतर्फी होती. हमालाच्या मजुरीचा प्रश्न पेढीच्या दप्तरात ‘मजुरी’ म्हणून नव्हे, तर ‘खर्च’ म्हणून नोंदला जाई.

येथे एक विसंगती नमूद केली पाहिजे. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा वऱ्हाडासाठी करण्यात आला. देशातील बाजार समित्यांच्या इतिहासाचा आरंभ येथून मानला जातो. दलाल, अडत्ये, मापारी यांना परवाने आले, मापे-वजने तपासली जाऊ लागली. कापूस कोणी, कसा मोजावा हे शासनाने इतक्या लवकर ठरविले. तो कापूस पिंजून सरकी वेगळी करणाऱ्या बायकांचे तास कोणी मोजावेत, हे ठरण्यास मात्र आणखी बराच काळ जावा लागला.

जीन-प्रेस आणि हंगामाची पळवाट

१८८१ चा पहिला फॅक्टरी ॲक्ट यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या, किमान १०० कामगार असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. जिनिंग कारखाना दिवाळीच्या आसपास सुरू होऊन कापूस संपला की बंद पडतो. त्यामुळे असे अनेक कारखाने या व्याख्येच्या बाहेरच राहिले. १८९१ मध्ये कामगारसंख्येची अट ५० वर आली, स्त्रियांसाठी दिवसाचे ११ तास ठरले. १९०८ च्या फॅक्टरी कामगार आयोगापुढे हंगामी कारखान्यांतील प्रदीर्घ कामाच्या तासांची स्थिती आली, तेव्हा कोठे १९११ च्या कायद्याने चार महिन्यांहून कमी चालणारे कारखानेही कक्षेत घेतले. तरीही स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदीतून जीन-प्रेसला सवलत राहिलीच. १९२२ मध्ये कामगारसंख्येची अट २० झाली व साठ तासांचा आठवडा आला. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांना आठवड्याचे ५४ तास ठरवून दिले, तर जिनिंग व प्रेसिंगचा ‘हंगामी’ म्हणून नावानिशी उल्लेख करून त्यांना ६० तासच ठेवले.

या तपशिलावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कायदा मालकाच्या राष्ट्रीयत्वाकडे पाहत नव्हता. तो डोकी मोजत होता आणि महिने मोजत होता. स्विस पेढीचा कारखाना असो, मुंबईच्या भाटिया व्यापाऱ्याचा असो की स्थानिक देशमुखांचा, मस्टरवर किती नावे दिसतात यावर सारे अवलंबून होते. आणि मस्टर लिहिणे मालकाच्याच हातात होते.

अचलपूरचा लोहमार्ग : चार धनी

परकीय मालकाच्या प्रश्नाचे सर्वांत गुंतागुंतीचे रूप मात्र जीनमध्ये नव्हे, तर परतवाड्याच्या शेजारी अचलपूर स्थानकात दिसते. मूर्तिजापूर-अचलपूर हा ७६ कि.मी.चा अरुंदमापी लोहमार्ग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाला. ‘शकुंतला’ या नावाने पुढे त्याचे कौतुक झाले. त्यावर लिहिणाऱ्यांनी वाफेच्या इंजिनाचे आणि संथ गतीचेच वर्णन अधिक केले आहे. नोकरीच्या दृष्टीने पाहिले तर चित्र निराळे दिसते.

मार्गाची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेज कंपनीकडे होती आणि तिचा कारभार मुंबईतील किलिक निक्सन ही ब्रिटिश भागीदारांची पेढी पाहत असे. गाड्या चालविण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे होते. त्या रेल्वेची मालमत्ता सरकारने १९०० मध्येच विकत घेतली होती, पण ३० जून १९२५ पर्यंत कारभार लंडनमधील संचालक मंडळाकडेच होता. जमीन वऱ्हाडची, म्हणजे निजामाच्या सार्वभौमत्वाखालील आणि ब्रिटिशांच्या पट्ट्यातील. अचलपूरच्या सांधेवाल्याचा विचार करावा : रूळ एका कंपनीचे, पगार दुसऱ्या कंपनीचा, त्या कंपनीची मालमत्ता सरकारची आणि पायाखालची भूमी चौथ्याची.

तरीही सांधेवाल्याची स्थिती जीनमधील मजुराहून बरी होती. कारण ‘रेल्वे प्रशासन’ कोणास म्हणावे याची व्याख्या १८९० च्या रेल्वे कायद्यातच होती. जो मार्ग चालवितो तो प्रशासन. त्याचा नोकर तो रेल्वेचा नोकर. १९३० च्या दुरुस्तीने रेल्वे नोकरांच्या कामाच्या तासांना मर्यादा आली : सलग कामासाठी महिन्याच्या सरासरीने आठवड्यास ६० तास, अधूनमधून येणाऱ्या कामासाठी ८४. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय ठरावाचे हे फळ होते. आज ज्या व्यवस्थेत परदेशी कंपनी स्वतः पटावर माणसे न घेता स्थानिक संस्थेला कायदेशीर मालक म्हणून पुढे करते, तिचे हे जुने रूप म्हणता येईल. फरक इतकाच की येथे मधला मालक बलाढ्य आणि कायद्याच्या व्याख्येत पकडलेला होता.

१९३६ चा वेतन अधिनियम

रॉयल कमिशन ऑन लेबरच्या (१९२९–३१) शिफारशींनंतर १९३६ चा पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट आला. तो २८ मार्च १९३७ पासून अमलात आला. कारखाने आणि रेल्वे या दोहोंना तो प्रारंभापासून लागू होता. वेतनाचा कालावधी एका महिन्याहून अधिक नको. हजाराहून कमी कामगार असतील तर सातव्या दिवसापूर्वी, अन्यथा दहाव्या दिवसापूर्वी पगार. तोही चालू नाण्यांत वा नोटांत. कामावरून काढल्यास दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर हिशेब. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नाही. जीन कामगारांच्या दृष्टीने हिशेबाच्या मुदतीचे कलम सर्वांत मोलाचे ठरावयास हवे होते, कारण हंगाम संपताच सारा फडच एकदम मोकळा होई.

या कायद्याचे मर्म तिसऱ्या कलमात आहे. कारखान्याच्या बाबतीत व्यवस्थापक म्हणून ज्याचे नाव दिले असेल तो, आणि रेल्वेच्या बाबतीत त्या भागासाठी नामनिर्देशित केलेला अधिकारी, वेतनास जबाबदार धरला गेला. विंटरथूर वा लंडन येथील मालकाला वऱ्हाडच्या कोर्टात ओढण्याची गरज उरली नाही. मालक कोठेही असो, त्याचे एक नाव जिल्ह्यातच असले पाहिजे, असा हा तोडगा होता. परकीय मालकाच्या प्रश्नावर भारतीय कायद्याने दिलेले हे पहिले समर्पक उत्तर होय.

परंतु त्याच कलमात ‘कंत्राटदाराने नेमलेले वगळून’ असे शब्द होते. मुकादमामार्फत आलेली बाई कारखान्यात राबत असली तरी तिच्या पगारास व्यवस्थापक जबाबदार नव्हता. वास्तविक १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने अपघाताच्या बाबतीत कंत्राटदाराच्या माणसाची जबाबदारी मुख्य मालकावर टाकलेली होती. म्हणजे तिचा हात यंत्रात सापडला तर मालक ओळख देणार, पगार बुडाला तर नाही. शिवाय दाव्याची मुदत सहा महिन्यांची. हंगाम संपल्यावर शेतमजुरीस परतणाऱ्या, निरक्षर मजुरास ती पुरेशी होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ही फट बुजण्यास १९७० चा कंत्राटी कामगार अधिनियम यावा लागला. कंत्राटदाराने वेतन न दिल्यास ते मुख्य मालकाने द्यावे, असे त्यात स्पष्टपणे म्हटले गेले.

वर्तमानाचा संदर्भ

१९३६ चा कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मासिक वेतनासाठी पुढील महिन्याची सात तारीख आणि नोकरी सुटल्यास दोन कामाच्या दिवसांत हिशेब, ही जुनीच मोजमापे तीत टिकून आहेत. मालकाने वेतन न दिल्यास आस्थापनेची मालक असलेली कंपनी वा व्यक्ती जबाबदार राहील, असेही तीत नमूद आहे. परदेशी कंपनीने भारतात व्यवसायाचे ठिकाण स्थापन केल्यास कंपनी कायदा, २०१३ नुसार तिला ३० दिवसांत नोंदणीची कागदपत्रे दाखल करावी लागतात. त्यांत तिच्या वतीने नोटिसा स्वीकारणाऱ्या भारतातील रहिवाशाचे नाव द्यावे लागते. १९३६ च्या व्यवस्थापकाचाच हा वंशज.

कंपनीचे ठिकाणच येथे नसेल तर मात्र पेच उभा राहतो. अमरावती वा अकोल्यातील पदवीधर घरी बसून परदेशी कंपनीचे काम करतो, मोबदला त्याच्या बँक खात्यात परकीय चलनातून येतो आणि करारात त्याचा उल्लेख ‘स्वतंत्र सल्लागार’ असा असतो. भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही, पगारातून कर कापून भरणारा कोणी नाही. तो त्याने स्वतःच भरावयाचा. मुकादमाच्या पटावरील बाईचे नाव जसे जीनच्या मस्टरवर नव्हते, तसे याचेही नाव कोठल्याच पगारपत्रकावर नाही. कामाचे तास, देखरेख आणि सुट्ट्या कंपनीच ठरवीत असेल तर तो करारातल्या शब्दाने सल्लागार ठरतो की वस्तुस्थितीने नोकर, याचा निर्णय अखेर न्यायालयास करावा लागेल, आणि त्या वेळी समन्स कोणत्या पत्त्यावर बजावावयाचे हा प्रश्न पुन्हा उभा राहील.