वाळूवरील अक्षरें : कराचींतील एक मराठी नांव

एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस सिंधची रेताड भूमि, यांच्या मधल्या पट्टींत कराची शहर वसलें आहे. इ. स. १८३९ मध्यें इंग्रजी आरमारानें मनोरा येथील किल्ला घेतला, तेव्हां ही कोळ्यांची व व्यापाऱ्यांची लहानशी वस्ती होती. १८४३ त नेपियरनें सिंध जिंकला आणि १८४७ त तो प्रांत मुंबई इलाख्यास जोडण्यांत आला. १९३६ पर्यंत, म्हणजे एकोणनव्वद वर्षें, हा संबंध टिकला. मुंबई सरकारची नोकरी आणि मुंबई बंदरांतून सुटणारी आगबोट यांच्यामुळें कित्येक मराठी कुटुंबें या रखरखीत किनाऱ्यावर जाऊन राहिलीं.

इंग्रजी अमलांत शहराची भरभराट झपाट्यानें झाली. १८६१ त कोटरीपर्यंत आगगाडी सुरू झाली. १८६५ त फ्रियर हॉल व १८८९ त एम्प्रेस मार्केट उघडलें. परंतु पाऊस वर्षाकांठीं जेमतेम सात-आठ इंच! छत्रपति संभाजीनगरास जसें मलिक अंबराच्या नहरीनें तारलें, तसें कराचीस मलीर नदीजवळील डुमलोटीच्या विहिरींनीं तारलें. स्ट्रॅचन नांवाच्या अभियंत्यानें तें पाणी १८८३ त शहरांत आणलें. आज प्रवासी पाहावयास जातात त्या जुन्या दगडी इमारतींवर बहुधा राज्यकर्त्यांचींच नांवें आढळतात. बंदर रोडवरील, म्हणजे आतांच्या जीना रस्त्यावरील, एका शाळेवर मात्र नारायण जगन्नाथ वैद्य हें मराठी नांव आहे.

वैद्य हे सिंधमध्यें शिक्षणखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर होते. कराचींतील पहिली सरकारी शाळा १८५५ त निघाली; तिलाच पुढें त्यांचें नांव मिळालें. त्या काळीं सिंधी भाषा कोणत्या लिपींत लिहावी हा मोठाच वाद होता. सरकारनें १८५३ त बावन्न अक्षरांची अरबी-सिंधी लिपि ठरविली होती. व्यापाऱ्यांच्या वह्यांत मात्र निराळीच लिपि चाले, आणि तींत काना-मात्रा नसल्यामुळें एकाचें लिहिलें दुसऱ्यास वाचतां येणें कठीण पडे. ही व्यापारी लिपि सुधारून शाळांतून शिकवितां येईल अशी करण्याचें काम १८६८ च्या सुमारास वैद्यांकडे आलें.

त्या कामास फारसें यश आलें नाहीं. नवी लिपि कांहीं काळ चालली. पण बहुजनांनीं अरबी-सिंधीच पत्करली. दुसऱ्याच्या भाषेला वळण लावूं पाहणाऱ्या सरकारी योजनेस केवढी मर्यादा असते, हें यावरून दिसतें. शाळा मात्र वाढली. सिंधची विधानसभा स्थापन झाली तेव्हां, १९४२ त स्वतःची इमारत होण्यापूर्वीं, कांहीं काळ सभेचें काम याच शाळेंत चालत असे.

१९४७ च्या फाळणींत कराचींतील बहुतेक हिंदु कुटुंबें भारतांत आलीं, त्यांत मराठीहि होतीं. जीं थोडीं मागें राहिलीं, त्यांच्या घरीं आजहि गणपति बसतो आणि त्याचें विसर्जन त्याच अरबी समुद्रांत होतें. रस्त्याचें नांव पालटलें, राज्य पालटलें, वैद्यांनीं घडविलेलीं अक्षरें विस्मृतींत गेलीं. पण शाळेवरील नांव कोणी पुसलें नाहीं. ज्यांना मराठीचा गंधहि नाहीं अशीं मुलें तें नांव आपल्या शाळेचें म्हणून सांगतात.