कवायत : एक शब्द आणि मागची रांग

'कवायत' हा शब्द मूळचा अरबी, 'कायदा'चं अनेकवचन. गंमत म्हणजे उर्दूत 'कवाइद' म्हणजे व्याकरण आणि 'कवाइद' म्हणजे परेडसुद्धा! मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, आजोबांची पिढी उर्दूत शिकलेली. त्यांना दोन्ही अर्थ ठाऊक असणार. मैदानावर ज्याचं व्याकरण चुकतं त्याचं काय होतं, ते मात्र मला विचारा.

नांदेडला शाळेत १५ ऑगस्ट झाला की लगेच १७ सप्टेंबरची, मुक्तिदिनाची लेझीम सुरू व्हायची. सर आकडे म्हणायचे. सगळे 'तीन'ला वाकायचे तेव्हा मी 'दोन'वरच असायचो. "मुद्दाम करतो का रे?" हा ठरलेला प्रश्न. आधी मागची रांग, मग रांगेबाहेर, शेवटी चपला राखायचं काम.

सरांना तरी काय बोलणार? पी.टी. हा विषय आपल्याकडे आला तोच शिस्तीचा म्हणून. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ मध्ये निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. नावातच शिस्त. उद्देश चांगलाच होता, पोरं रस्त्यावर आली होती. पण पुढे १९६२ चं चीन युद्ध झालं, १९६३ मध्ये कॉलेजात एन.सी.सी. सक्तीची झाली, आणि पाऊल चुकणं म्हणजे बेशिस्त हे समीकरण पक्कं झालं.

योगायोग बघा. त्याच १९६२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने अशा धडपडणाऱ्या मुलांवर अग्रलेख लिहिला होता! हुशार असतात, स्नायूही धड असतात, पण हालचालींची जुळवाजुळव मेंदूला जड जाते. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर ठीक, ड्रायव्हरचा घोळ. १९८७ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत त्याला स्वतंत्र नाव मिळालं. शंभरात पाच-सहा मुलं अशी असतात म्हणे. साठ जणांच्या आमच्या वर्गात तिघं तरी असणार. बाकीचे दोघं कोण, हे मला अजून कळलेलं नाही.

लातूरला माझा आतेभाऊ. त्याच्या शाळेत दहावीला पी.टी.चा तास सरळ गणिताला जायचा. 'लातूर पॅटर्न'ला लोक काय काय नावं ठेवतात, पण हा गडी त्या तासाला खूष असायचा. तोही माझ्यासारखाच, चेंडू कधी हातात आलाच नाही.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'डिस्प्रॅक्सिया' हा शब्द आला. पण कुठे? तर अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत, डिस्लेक्सियाच्या शेजारी. म्हणजे विषय बाकावरचा झाला, मैदान राहिलं बाहेरच.

असो. अशा मुलाला हालचाल सुटी करून, सावकाश, पुन्हा पुन्हा करायला दिली की जमते. आजीने मला अंगणात एकेक आकडा वेगळा करून लेझीम शिकवली. तीन आठवडे लागले. तोवर १७ सप्टेंबर होऊन गेला होता.