जखम भरली, ठणका राहिला

कुष्ठरोगाबद्दल एक गोष्ट ज्याला त्याला ठाऊक असते: त्यात दुखत नाही. चट्ट्यावर टाचणी टोचली तरी कळत नाही, चुलीवरचं पातेलं उघड्या हाताने उतरवलं तरी चटका समजत नाही. डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरला आले आणि पुढच्या काळात त्यांनी दाखवून दिलं, की या रोगात बोटं सडून गळत नाहीत. वेदनाच नसल्यामुळे रोज नकळत होणाऱ्या जखमांनी ती झिजतात. त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण त्याच्या आडून एक समजूतही घट्ट होत गेली. कुष्ठरुग्णाच्या वाट्याला घरदार सुटणं येतं, हेटाळणी येते, दुखणं तेवढं येत नाही.

ही समजूत तपासून पाहण्याचं काम आपल्या मुंबईत झालं. गोवंडीहून हार्बर लाइनने चौथं स्थानक चुनाभट्टी. तिथे ‘बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट’चं केंद्र आहे. डॉ. आर. गणपती यांनी ही संस्था 1976 साली सुरू केली. संस्थेतल्या डॉक्टरांनी परदेशी संशोधकांच्या जोडीने औषधोपचार झालेल्या 101 जणांना तपासलं आणि 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. 101 पैकी 22 जणांना मज्जातंतूंचं दुखणं होतं. कुणाला मुंग्या, कुणाला जळजळ, आणि बहुतेकांना त्यासोबत बधिरपणाही. दुखणं असलेल्यांमध्ये मनाच्या त्रासाचं प्रमाणही जास्त निघालं.

मला या अभ्यासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की त्याआधी या माणसांना फारसं कुणी विचारलंच नव्हतं.

विचारायची सवय या शहराला नव्हतीच म्हणा. 1890 साली महापालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने वडाळा-माटुंग्याकडे कुष्ठरुग्णांसाठी आश्रय उभा राहिला. आजचं ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. मराठी शिकवणारी म्हणून मला या गोऱ्या साहेबाचं वेगळं कौतुक आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत त्याने गावोगावचे मराठी पोवाडे गोळा करून छापले. शाहिरांचं ऐकायला त्याच्याकडे कान होता. रुग्णांच्या बाबतीत मात्र त्या जमान्याचा सगळा रोख त्यांना रस्त्यावरून उचलून कुठे ठेवायचं, यावरच होता. 1898 चा ‘लेपर्स ॲक्ट’ त्याच विचाराचा. तो रद्द व्हायला 2016 उजाडलं. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून तलाक मागण्याची तरतूद आपल्या 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातही होती, हिंदू विवाह कायद्यातही होती; दोन्हीकडून ती 2019 मध्ये काढली गेली.

आता मूळ प्रश्न. जंतू मेले, जखम भरली, मग दुखतं काय?

याचं उत्तर शोधण्याची सुरुवात कुष्ठरोगापासून फार लांब, माद्रिदमध्ये झाली. मेंदूतल्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात रामोन काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याला मज्जापेशी दिसल्या, त्यांना आधार देणाऱ्या पेशी दिसल्या, आणि उरलेल्या गोंधळाला त्याने ‘तिसरा घटक’ म्हणून ठेवलं. त्याच्याच प्रयोगशाळेतल्या पिओ देल रिओ-ऑर्तेगाने चांदीच्या क्षाराची नवी पद्धत वापरून 1919 मध्ये त्या घटकातून बारीक फांद्या फुटलेल्या, जागा बदलू शकणाऱ्या पेशी वेगळ्या काढल्या. इजा झाली की त्या फांद्या आखडून घेतात, गोलसर होतात आणि मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात. त्याने त्यांना नाव दिलं मायक्रोग्लिया. गुरु-शिष्यांचं बिनसलं आणि पुढच्याच वर्षी ऑर्तेगाला प्रयोगशाळा सोडावी लागली. स्पेनमध्ये यादवी पेटल्यावर देशही सुटला. 1945 मध्ये तो ब्युनोस आयर्सला वारला. त्याच्या पेशींकडे मात्र पुढे कित्येक वर्षं मेंदूचे झाडूवाले एवढ्याच नजरेने पाहिलं गेलं. (झाडूवाले म्हटलं की त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. कचरा डेपोच्या शेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.)

2003 मध्ये जपानी शास्त्रज्ञ माकोतो त्सुदा आणि काझुहिदे इनोउए यांच्या गटाने उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांवरचा एक प्रयोग मांडला. पायाकडे जाणाऱ्या नसेला इजा केली की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत मायक्रोग्लिया जाग्या होतात आणि त्यांच्या अंगावर एका विशिष्ट ग्राहकाची संख्या वाढते. तो ग्राहक बंद केला की दुखणं उतरतं. दोनच वर्षांनी, इनोउए ज्यात सामील होते अशा कॅनडातल्या संशोधनातून पुढचा दुवा मिळाला. या जाग्या झालेल्या पेशी एक प्रथिन सोडतात आणि त्यामुळे वेदनेला लगाम घालणारी मज्जारज्जूतली यंत्रणा उलटी फिरते. ब्रेक दाबावा आणि गाडीने वेग घ्यावा, तसं. मग चादरीचा स्पर्शही आगीसारखा लागतो. इजा पायात, पण ठणका जिवंत ठेवणारी भट्टी पाठीच्या कण्यात.

मिनोसायक्लिन नावाचं प्रतिजैविक या पेशींना शांत करतं. प्राण्यांना ते इजेच्या आसपास लवकर दिलं तर दुखणं मूळ धरत नाही, असं प्रयोगांत दिसलं. गंमत म्हणजे हेच औषध कुष्ठरोगावरही चालतं. एकच चट्टा असलेल्या रुग्णाला एका वेळी द्यायच्या तीन औषधांत ते होतं. पण माणसाच्या जुन्या दुखण्यावर त्याचे प्रयोग फारसे साधले नाहीत.

असं का, याचं एक कारण 2015 मध्ये पुढे आलं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं ते सगळ्यात लाजिरवाणं पान आहे. मायक्रोग्लियांना रोखलं की नर उंदरांचं दुखणं कमी होत होतं. माद्यांचं होत नव्हतं. माद्यांमध्ये तेच काम टी-पेशी नावाच्या दुसऱ्या संरक्षक पेशी करत असाव्यात, असं दिसलं. मग इतकी वर्षं हे कळलं कसं नाही? कारण वेदनेवरच्या बहुतेक प्रयोगांत फक्त नर वापरले जात होते. ‘पेन’ या विषयातल्या प्रमुख नियतकालिकाची दहा वर्षं चाळून पाहिली, तेव्हा असे 79 टक्के अभ्यास निव्वळ नरांवरचे निघाले. आणि जुनी दुखणी घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभ्या असतात त्यात बायका जास्त.

गोवंडीत ही रांग मी रोज पाहते. आमचा एम-पूर्व विभाग टीबीने पोखरलेला. टीबीच्या आयसोनियाझिडमुळे आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीतल्या लिनेझोलिडमुळे हातापायाच्या नसांना इजा होऊ शकते, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. घरी ते कुणी सांगत नाही. टीबी बरा झालेली आई पालकसभेत बसते आणि म्हणते, “टीचर, पाँव सुन्न है, फिर भी जलता है.” तिच्या घरातले म्हणतात, रिपोर्ट साफ आला, आता कसला बहाणा? धागे कापायचं काम दारात येऊन पडलेलं असतं.

बधिर आहे आणि जळतंही आहे, यात विसंगती नाही. इब्न सिना (980–1037) यांनी ‘अल-कानून’मध्ये वेदनेचे पंधरा प्रकार नोंदवले. टोचणारी, ठणकणारी, जड, खाजरी. आणि त्यातच एक ‘ख़दिर’, म्हणजे बधिर वेदना. शरीराची अखंडता तुटली तरच दुखतं, असं गॅलेन मानत असे. इब्न सिना यांनी तिथे त्याच्याशी उघड मतभेद घेतला: काहीही न तुटता, नुसता मिज़ाज बिघडला तरी वेदना होऊ शकते. त्यांना मायक्रोग्लिया ठाऊक होत्या असा दावा आपल्याकडे कुणीतरी करेलच. तो फुकाचा आहे. त्यांचं मोठेपण एवढंच की त्यांनी रुग्णाचे शब्द वेगवेगळे ऐकले आणि वेगवेगळे लिहून ठेवले.

मुंबईच्या त्या अभ्यासात दुखणं ओळखायला वापरलेली प्रश्नावलीही अशीच, फ्रान्समध्ये तयार झालेली, दहा मुद्द्यांची. जळजळ होते का? विजेचा झटका बसतो का? मुंग्या येतात का? खाज सुटते का? नुसत्या स्पर्शाने दुखतं का? उत्तरांवर औषध ठरतं. पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेनसारख्या रोजच्या गोळ्यांनी मज्जातंतूंच्या दुखण्याला सहसा उतार पडत नाही. त्याला ॲमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिनसारखी वेगळी औषधं लागतात आणि ती डॉक्टरांनीच द्यायची असतात.

ओपीडीत एका रुग्णाला दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात बाई ‘दर्द है’ म्हणते आणि नेहमीच्या गोळ्या घेऊन परतते. आपल्या दोन्ही भाषा इतक्या गरीब नाहीत. मराठीत ठणका, कळ, सणक, चमक, रग, ठसठस आहे. उर्दूत टीस, चुभन, जलन, झुनझुनी आहे. सध्या कुणी आई असं काही सांगू लागली की मी वहीचं अर्धं पान फाडते, तिने उच्चारलेला नेमका शब्द, जागा आणि वेळ त्यावर मराठीत लिहिते, खाली टीबीच्या औषधांची नावं, आणि केसपेपरला टाचून न्यायला सांगते.